हातांनी दिलेला श्वास

अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर एखादी रात्र काढण्याचा प्रसंग आपल्यापैकी अनेकांवर आला असेल. आत आपले माणूस निपचित पडलेले, उशाशी संथ उसासे टाकणारे यंत्र आणि बाहेर बाकावर जपमाळेचे मणी ओढणारे आपण. या विभागाची जन्मकथा फारशी कुणाला ठाऊक नसते. तिच्यात यंत्रांइतकाच मानवी हातांचा वाटा आहे, म्हणून ती सांगण्याजोगी आहे.

१९५२ च्या उन्हाळ्यात डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे पोलिओची भीषण साथ उसळली. ब्लेगडॅम या संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयात रुग्णांची, विशेषतः मुलांची, रीघ लागली. अनेकांचे श्वसनाचे स्नायू लुळे पडले होते. रुग्णालयाजवळ होते एक लोखंडी फुफ्फुस आणि छातीवर बसवायची सहा कवचयंत्रे. श्वास कोंडलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. मुख्य वैद्य डॉ. लासेन हतबल झाले. एका सहकाऱ्याच्या सूचनेवरून त्यांनी बियोर्न इब्सेन या भूलतज्ज्ञांना पाचारण केले.

मृतांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण वाढलेले आढळले होते. रक्तातील अल्कधर्म वाढल्याची ती खूण आहे, असा वैद्यांचा समज होता. इब्सेन यांनी शवविच्छेदनाचे निष्कर्ष पाहिले आणि वेगळा अर्थ लावला. फुफ्फुसे नासलेली नव्हती. त्यांत पुरेशी हवाच जात नव्हती. शस्त्रक्रियेच्या वेळी भूलतज्ज्ञ रबरी पिशवी दाबून रुग्णाला श्वास देतो, तसाच श्वास या मुलांना दिला तर?

२७ ऑगस्ट १९५२ रोजी बारा वर्षांच्या एका मुलीवर हा प्रयोग झाला. तिच्या श्वासनलिकेला छेद देऊन नळी बसविण्यात आली. आरंभी तिची प्रकृती अधिकच ढासळली. इब्सेन यांनी तिला गुंगीचे औषध दिले. तिची धडपड थांबली, छाती सैल झाली आणि पिशवीतील हवा आत जाऊ लागली. मुलगी वाचली.

परंतु अशा शेकडो रुग्णांच्या पिशव्या दाबणार कोण? वैद्यकशाखेचे सुमारे १,५०० विद्यार्थी पुढे आले. पाळीपाळीने, रात्रंदिवस ते रुग्णांच्या उशाशी बसले. एकाच वेळी सत्तर रुग्ण अशा हातांवर जगत होते. हात थांबला की श्वास थांबे. त्या तरुणांनी दिलेल्या तासांची बेरीज १,६५,००० भरली. मृत्यूचे प्रमाण काही महिन्यांतच निम्म्याहून खाली उतरले. डिसेंबर १९५३ मध्ये इब्सेन यांनी कोपनहेगनच्याच नगर रुग्णालयात अत्यवस्थ रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग उघडला. आधुनिक अतिदक्षता विभागांचा आरंभ तेथून मानला जातो.

पुढे हातांची जागा यंत्रांनी घेतली. यंत्र थकत नाही. त्यामुळे एक नवाच प्रश्न उभा राहिला. ते थांबवायचे केव्हा? ऑस्ट्रियातील इन्सब्रुकचे भूलतज्ज्ञ डॉ. ब्रुनो हाइड यांनी हा प्रश्न थेट पोपमहोदयांपुढे ठेवला. २४ नोव्हेंबर १९५७ रोजी पोप बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञांसमोर त्याचे उत्तर दिले. जीव राखण्यासाठी सामान्य उपाय योजणे हे कर्तव्य होय. पण रुग्णावर वा इतरांवर असह्य भार टाकणारे असाधारण उपाय योजण्याचे बंधन नाही. वैद्याचा अधिकार रुग्णाच्या संमतीतून येतो. मृत्यूचा क्षण कोणता, हे ठरविणे वैद्यांचे काम आहे, असेही त्यांनी स्पष्ट केले. बाकावर बसलेल्या कुटुंबांना हे विवेचन आजही आधार देते.

तथापि, यंत्र किती हवा देते हाही प्रश्न होताच. दीर्घकाळ मोठे श्वास देण्याची रीत होती. रक्तातील वायूंचे आकडे त्यामुळे समाधानकारक दिसत. अमेरिकेतील संशोधकांनी फुफ्फुसे गंभीरपणे सुजलेल्या ८६१ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला अपेक्षित वजनाच्या दर किलोमागे १२ मिलिलिटरचा श्वास, दुसऱ्याला ६ मिलिलिटरचा. निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. मोठ्या श्वासाच्या गटात ३९.८ टक्के रुग्ण दगावले, लहान श्वासाच्या गटात ३१ टक्के. विशेष म्हणजे पहिल्या काही दिवसांत प्राणवायूचे आकडे मोठ्या श्वासाच्या गटातच अधिक चांगले होते! अती ताणामुळे नाजूक फुफ्फुसांना इजा होत होती आणि आकडे मात्र ती झाकत होते.

सद्हेतूने, अनुभवी हातांनी दिलेला उपचारही घातक ठरू शकतो, हे यातून उमगते. म्हणूनच अशा संशोधनाची गरज असते. मात्र ज्याच्यावर प्रयोग व्हायचा तो रुग्ण बहुधा बेशुद्ध असतो. संमतीचा कागद नातलगांपुढे येतो. आपले माणूस चिठ्ठीच्या हवाली करायचे, या कल्पनेनेच मन दचकते. अशा वेळी घाई न करता वैद्यांना विचारावे: यात धोका कोणता, नकार दिला तर उपचार कसे चालतील, नंतर माघार घेता येईल काय? विचारणे हा आपला हक्क आहे आणि उत्तर देणे हे त्यांचे कर्तव्य.

त्या ८६१ रुग्णांपैकी एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. तरीही आज आपल्या आप्तांना मोजून मिळणाऱ्या लहानशा श्वासात त्यांचा वाटा आहे, आणि कोपनहेगनमध्ये रात्री जागविणाऱ्या त्या विद्यार्थ्यांचाही. पुढच्या वेळी त्या बाकावर बसण्याची वेळ आली, तर जपमाळेचा एक मणी त्यांच्यासाठी ओढावा.