दोन सालांची सांगड

मराठ्यांच्या इतिहासाचीं जुनीं कागदपत्रें वाचणाऱ्यास मोडी अक्षर लागूं लागलें कीं लवकरच दुसरी अडचण गांठते, ती तारखेची. कागदावर वर्ष असतें सुहूर सनाचें, आणि महिना व चंद्र हिजरी पद्धतीचे. हीं दोन्ही मोजमापें एकाच ओळींत नांदतात. पण त्यांची लांबी सारखी नाहीं. हिजरी वर्ष चांद्र, सुमारें ३५४ दिवसांचें. सुहूर वर्ष सौर, सुमारें ३६५ दिवसांचें. सूर्य मृग नक्षत्रीं गेला म्हणजे तें पालटतें.

ही सांगड घालण्याचें कारण शेती. आमच्या कवठे महांकाळच्या बाजूस पाऊस थोडा. शाळूचें पीक थंडीवर आणि जमिनींतील ओलीवर पोसतें व उन्हाळ्याच्या तोंडाशीं खळ्यांत येतें. चांद्र वर्षाप्रमाणें सारा मागितला तर हप्ता दरसाल अकरा दिवस अलीकडे सरकतो. सोळा वर्षांत तो जवळजवळ सहा महिने अलीकडे येतो, आणि कणसांत दाणा भरण्यापूर्वींच तगादा दारीं उभा राहतो. म्हणून हिजरी ७४५, म्हणजे इ. स. १३४४, पासून वर्षाचा आंकडा हिजरीचाच ठेवून तो पुढें सूर्याच्या गतीनें मोजावयाचा, अशी तोड निघाली.

तिचा परिणाम पाहा. शिवछत्रपतींचा राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजीं झाला. त्या दिवशीं हिजरी सन १०८५ होता, सुहूर सन मात्र १०७५. एकाच ठिकाणाहून निघालेल्या दोन सनांत ३३० सौर वर्षांमध्यें दहा वर्षांचें अंतर पडलें होतें.

दुसरा परिणाम अधिक फसवा आहे. ३६५ दिवसांच्या वर्षावर ३५४ दिवसांची तारीखमाला पांघरली तर ती तोकडी पडते, व उरलेले दिवस भरावयास तिचा आरंभच पुन्हां येतो. त्यामुळें एकाच सुहूर वर्षांत अकराएक तारखा दोनदां येतात. एकदां वर्षारंभीं व एकदां वर्षाअखेर. एखाद्या स्वारीचें पत्र अशा तारखेचें निघालें तर घटना वर्षभर पुढें-मागें होते, आणि कार्यकारणाचा क्रमच उलटतो. पत्रांत वार दिला असेल तर तो निर्णय करतो. कारण ३५४ दिवस म्हणजे पन्नास आठवडे व चार दिवस, म्हणून तीच तारीख पुढील खेपेस त्याच वारीं येत नाहीं.

संगणकास कामाच्या आज्ञा लिहून देणाऱ्यांपुढेंही आज हाच प्रश्न असतो. पायथन भाषेंतील 'झिप' हें साधन दोन माला जोडतांना आखूड माला संपतांच थांबतें व उरलेलें मुकाट्यानें टाकतें. दुसरें साधन रिकाम्या जागीं भराव घालतें. २०२१ सालच्या ३.१० या आवृत्तींत तिसरी सोय झाली : तशी आज्ञा दिल्यास, लांबी न जुळतांच 'झिप' काम थांबवून चूक दाखवितें.

हिजरी सन उरलेले दिवस सोडून पुढें चालतो. आपले पंचांगकर्ते अधिक मासाचा भराव घालतात. इतिहासलेखकास तिसरी वाट बरी. तारीख दोन जागीं बसत असेल तर त्यानें दोन्ही लिहाव्या, आणि निवड कोणत्या पुराव्यावरून केली तें वाचकास सांगावें.