पिवळ्या डब्याचा इतिहास

मनुष्य स्थूल होतो तो स्वतःच्या जिभेमुळे, की बाजारच्या तयार खाद्यपदार्थांमुळे, हा वाद अलीकडे सुशिक्षित घरांतून पुष्कळ ऐकू येतो. आम्ही राहतो त्या उस्मानपुऱ्यात सायंकाळी शिकवणीचे वर्ग सुटले की वडापावाच्या व चिनी पदार्थांच्या गाड्यांभोवती मुलांची झुंबड उडते. ती पाहून आमचे एक वृद्ध शेजारी "ह्यांना घरचे वळणच नाही" असा निकाल देतात. त्यांची सून वैद्यकशास्त्र शिकलेली, ती सारा दोष कारखानदारांच्या माथी मारते. प्रश्न मात्र दुर्लक्षिण्याजोगा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे २०१५-१६ साली देशातील शेकडा २०.६ स्त्रिया व १८.९ पुरुष प्रमाणाबाहेर वजनाचे होते. २०१९-२१ च्या पाहणीत हेच आकडे २४ व २२.९ झाले. चारपाच वर्षांत साऱ्या राष्ट्राचे वळण बिघडले, असे म्हणावयास आम्ही तरी धजत नाही.

अमेरिकेत हा वाद २००२ साली न्यायालयात गेला. न्यूयॉर्कमधील काही मुलांच्या वतीने मॅकडोनाल्ड्सवर दावा लावण्यात आला. न्यायाधीश रॉबर्ट स्वीट ह्यांनी २००३ च्या जानेवारीत तो फेटाळला. अतिरेकाचे परिणाम ज्यास ठाऊक आहेत त्याने दुसऱ्यास बोल लावू नये, असा त्यांचा आशय होता. पण कारखान्यातील प्रक्रियेने पदार्थात सामान्य माणसास न कळणारा धोका शिरला असेल, तर गोष्ट निराळी, असेही त्यांनी सुचविले. आमच्या मते साऱ्या वादाची किल्ली ह्या दुसऱ्या वाक्यात आहे, आणि ती फिरवून पाहण्यास न्यूयॉर्कास जाण्याची गरज नाही. आपल्या आजीच्या फडताळात एक पिवळा डबा होता, तो पुरे.

द्रवरूप तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन मिसळून ते थिजविण्याची युक्ती विल्हेल्म नॉर्मान ह्या जर्मन रसायनज्ञाने १९०२ साली पेटंट केली. पुढे मुंबईस शिवडी येथे हिंदुस्थान वनस्पती कंपनीचा कारखाना निघाला, व १९३७ साली 'डालडा' बाजारात आला. पिवळा डबा, त्यावर हिरवे ताडाचे झाड. तुपाच्या देशात तुपासारखे दिसणारे परंतु तूप नसलेले द्रव्य खपवावयाचे, हे काम सोपे नव्हते. त्यासाठी जाहिरातदारांनी डब्याच्या आकाराची मोटार रस्त्यांतून फिरविली. ह्या द्रव्यास त्या काळी मुख्यतः भुईमुगाचे तेल लागे. आमच्या मराठवाड्यात भुईमूग, करडई व जवस पिकत आणि तेल्याच्या घाण्यावर ताजे तेल मिळे. तरीही प्रतिष्ठा डब्यास मिळाली, कारण तो तुपाच्या शेजारी बसू शके. पाहुण्यास पुरी तेलात तळून वाढण्याची लाज वाटणाऱ्या, पण तूप न परवडणाऱ्या मध्यमवर्गाची ही सोय होती. ह्या हौसेची जबाबदारी आम्ही कारखानदारावर टाकीत नाही.

विरोध झाला नाही असे नव्हे. महात्मा गांधींनी वनस्पतीविरुद्ध लेखणी उचलली. १९५० च्या सुमारास तिच्यावर बंदी घालावी असे विधेयक संसदेपुढे आले, लोकमतही मागविण्यात आले. बंदी मात्र झाली नाही. वादाचा रोख मुख्यत्वे कोणीकडे होता हे पाहण्यासारखे आहे. तुपात वनस्पतीची भेसळ होते, ती ओळखावी कशी? तिला रंग द्यावा, असे ठरले. पण तापविल्यावर वा धुतल्यावर टिकेल असा निर्दोष रंग सापडेना. अखेर तिच्यात तिळाचे तेल घालण्याचा नियम राहिला, कारण तिळाचे तेल रासायनिक परीक्षेत गुलाबी रंग देऊन चटकन ओळखू येते. युक्ती मोठी चतुर खरी! परंतु तिने राखण झाली ती तुपाची. खाणाऱ्याच्या देहाचे काय होते, हा प्रश्न मागे पडला.

त्याचे उत्तर आले १९९० साली, हॉलंडमधून. मेन्सिंक व काटान ह्या संशोधकांनी दाखवून दिले की, तेल अर्धवट थिजविताना जी ट्रान्स मेदाम्ले निर्माण होतात ती रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढवितात आणि हितकर कमी करतात. म्हणजे ह्या डब्याचा घाव कमरेच्या घेरापेक्षा हृदयावर अधिक होता. डेन्मार्कने २००३ साली कायद्याने शेकडा २ ची मर्यादा घातली. आपल्याकडे ती मर्यादा पायरीपायरीने उतरत १ जानेवारी २०२२ रोजी शेकडा २ वर आली. डालडा बाजारात आल्यापासून पंचाऐंशी वर्षे!

आमच्या मातोश्रींच्या स्वयंपाकघरात १९७० नंतरच्या वर्षांत हा डबा असे. रिकामा झाल्यावर त्यात डाळ राही, आणि गंजू लागला की तुळस. त्या काटकसरी होत्या, मिताहारी होत्या, जिभेवर त्यांचा ताबा आमच्याहून शतपट अधिक होता. वैयक्तिक जबाबदारीचे जे जे लक्षण सांगतात ते सारे त्यांच्या ठायी होते. नव्हते ते एवढेच की, ट्रान्स मेदाम्ल हा शब्द त्यांच्या कानावर येण्याचा संभव नव्हता. त्यांस दोष द्यावा काय?

आजच्या खाणाऱ्यास मात्र ही सबब पूर्णपणे लागू नाही, हे मान्य केले पाहिजे. साखरेने व तळणाने मेद वाढतो हे आता शाळकरी मुलासही ठाऊक आहे. आणि 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण कोणत्याही कंपनीने निर्माण केलेली नाही. आमचा स्वतःचा पट्टा गेल्या दहा वर्षांत तीन भोके पुढे सरकला, त्याचे श्रेय घरच्या साबुदाण्याच्या खिचडीसच दिले पाहिजे. पण मुलांचे तसे नाही. म्हणूनच २०२० च्या केंद्रीय नियमाने शाळेच्या आवारात आणि फाटकापासून पन्नास मीटरपर्यंत अतिमेद, अतिसाखर व अतिमिठाचे पदार्थ विकण्यास मनाई केली. नियम शाळेचा आहे. शिकवणीच्या वर्गाचा नाही. आमच्या रस्त्यावरच्या गाड्या त्यामुळे निर्धास्त उभ्या असतात. परवा त्यांतील एकास आम्ही विचारले की, तळणास तेल कोणते वापरता? कढईवरून नजर न हलविता तो म्हणाला, "सर, ज्या दिवशी जे स्वस्त, ते."