मागच्या रांगेतील इतिहास : जेमो आणि सदर्न रॉक

संगीतप्रवाहांची नावे बहुधा संगीतकार ठेवत नाहीत. ती समीक्षक, ध्वनिमुद्रण कंपन्या आणि विक्रेते ठेवतात. साहित्यातही याहून वेगळे घडत नाही. 'सदर्न रॉक' हे असेच बाहेरून आलेले नाव. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून आलेल्या बँडना ते चिकटले आणि त्याबरोबर एक चित्रही रूढ झाले : लांब केसांचे गोरे तरुण, गिटारींची गर्दी आणि मंचाच्या मागे यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणी राज्यांचा ध्वज. लिनर्ड स्किनर्डसारख्या बँडने तो ध्वज खरोखरच मिरवला. पण ज्या ऑलमन ब्रदर्स बँडपासून या प्रवाहाचा आरंभ मानला जातो, त्याच्या उभारणीत ड्युएन ऑलमनने सर्वांत आधी हाताशी धरलेला वादक मिसिसिपीतील एक कृष्णवर्णीय ड्रमर होता. जे जोहॅनी जोहॅन्सन हे त्याचे मुखपृष्ठावरचे नाव. श्रोते त्याला 'जेमो' म्हणून ओळखतात.

जेमोचा जन्म ८ जुलै १९४४ रोजी ओशन स्प्रिंग्ज येथे झाला आणि तो जवळच्या गल्फपोर्टमध्ये वाढला. हा मिसिसिपीचा समुद्रकिनारा. गल्फपोर्टला लागून असलेल्या बिलॉक्सीत २४ एप्रिल १९६० रोजी डॉ. गिल्बर्ट मेसन यांच्या नेतृत्वाखाली कृष्णवर्णीय नागरिक केवळ समुद्रात उतरण्याचा हक्क बजावण्यासाठी गेले, तेव्हा गोऱ्या जमावाने त्यांना साखळ्या आणि दांडक्यांनी मारहाण केली. त्या वेळी जेमो पंधरा वर्षांचा होता. ज्या वाळूवर पाऊल ठेवणे हाही गुन्हा ठरत होता, तिच्या सान्निध्यात हा मुलगा मॅक्स रोच आणि एल्विन जोन्स या जॅझ वादकांची शैली आत्मसात करीत होता.

पोटापाण्याचे वादन मात्र निराळे होते. १९६६ मध्ये त्याने ओटिस रेडिंगच्या ताफ्यात काम केले. पुढे पर्सी स्लेज, जो टेक्स यांनाही साथ केली. त्या साथीची शिस्त कडक असे : ताल ठाम हवा आणि सारे लक्ष गायकावर राहायला हवे. ओढा मात्र जॅझकडेच होता, आणि न्यूयॉर्कला जाऊन तेच वाजवावे असे त्याने मनाशी ठरवलेही होते. त्याआधी, १९६९ च्या आरंभी, तो अलाबामातील मसल शोल्स येथे ड्युएनला भेटला आणि न्यूयॉर्क मागे पडले. ड्युएन त्याला फ्लॉरिडातील जॅक्सनव्हिलला बुच ट्रक्सकडे घेऊन आला. ट्रक्स गोरा आणि तोही ड्रमरच. दोघांपैकी एकाची निवड करण्याऐवजी ड्युएनने दोघांनाही घेतले.

हा निर्णय संगीतदृष्ट्या महत्त्वाचा ठरला. दोन ड्रमर असणे ही नवलाई नव्हती. जेम्स ब्राउनच्या ताफ्यात ती प्रथा होतीच. नवे होते ते कामाचे वाटप. ट्रक्स मूळ ठेका सरळ, जोरकसपणे पुढे रेटत असे. जेमो त्याच ठेक्याच्या भोवती, मधल्या मोकळ्या जागांत वाजवी. कधी झांजेवर हलका आघात, कधी अनपेक्षित ठिकाणी दिलेले वजन. एकाने वाक्य उच्चारावे आणि दुसऱ्याने त्याचे विरामचिन्ह हलवून अर्थ पालटावा, तसा हा प्रकार होता. बँडमधील सहकाऱ्यांना माइल्स डेव्हिस आणि जॉन कोल्ट्रेन यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकवणाराही जेमोच. 'इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड' या रचनेतील दीर्घ आलापी त्या ऐकण्यातून उगवलेली आहे. मार्च १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट येथे ध्वनिमुद्रित झालेल्या 'व्हिपिंग पोस्ट'ची सुरुवात अकरा मात्रांच्या आवर्तनाने होते आणि ती रचना वीस मिनिटांहून अधिक काळ चालते. एवढा काळ तोल सावरणे हे गिटारीचे नव्हे, मागच्या रांगेचे कर्तृत्व.

पुढचा इतिहास शोकाचा आहे. २९ ऑक्टोबर १९७१ रोजी जॉर्जियातील मेकन येथे मोटरसायकल अपघातात ड्युएन गेला. ११ नोव्हेंबर १९७२ रोजी त्याच शहरात, तशाच अपघातानंतर, बासवादक बेरी ओकली. ओकलीच्या जागी आलेला लामार विल्यम्स हा जेमोचा जुना मित्र, तोही कृष्णवर्णीय आणि गल्फपोर्टचाच. म्हणजे १९७३ चा 'ब्रदर्स अँड सिस्टर्स' हा अल्बम गाजत असताना, सदर्न रॉक भरात असताना, त्याच्या अग्रणी बँडच्या तालविभागातील तिघांपैकी दोघे मिसिसिपीचे कृष्णवर्णीय होते. रूढ चित्रात हे दोघे दिसत नाहीत.

मात्र एका चुकीच्या चित्राच्या जागी दुसरे गोड चित्र लावण्याचा मोह टाळला पाहिजे. जेमो बँडमध्ये होता म्हणून वर्णभेद मिटला, असे म्हणणे भाबडेपणाचे. बँडला नाव ऑलमन बंधूंचे होते आणि १९८० मध्ये जेमोला बाहेर काढण्यात आले तेव्हा त्याचे संस्थापकपण त्याच्या उपयोगी पडले नाही. १९८९ मध्ये बँड पुन्हा उभा राहिला तेव्हा तो परतला आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या बीकन थिएटरमधील अखेरच्या कार्यक्रमापर्यंत ट्रक्सच्या शेजारी बसून वाजवत राहिला.

एखाद्या प्रवाहाचे नाव ठरले की त्या नावात न मावणारे तपशील तळटीपेत जातात, हे वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊकच आहे. सदर्न रॉकच्या बाबतीत तळटीपेत गेलेला तपशील हाच मूळ मजकूर होता. रिदम अँड ब्लूजची शिस्त, जॅझची मोकळीक आणि ब्लूजचे दुःख ही या संगीताची तिन्ही मुळे कृष्णवर्णीय दक्षिणेतली आहेत. ध्वज मिरवणाऱ्यांनी 'दक्षिण' हा शब्द एका वर्णापुरता आवळून घेतला. जेमोच्या वादनात तो शब्द त्याच्या पूर्ण अर्थाने ऐकू येतो. जानेवारी २०१७ मध्ये ट्रक्स, त्याच वर्षी मे महिन्यात ग्रेग ऑलमन आणि एप्रिल २०२४ मध्ये डिकी बेट्स गेल्यावर मूळ सहा जणांपैकी मागे उरला तो एकटा जेमो. ज्याच्यापासून बँडची जुळवाजुळव सुरू झाली, तोच तिचा अखेरचा साक्षीदार ठरला. त्याची साक्ष नोंदवून घ्यायची तर फिलमोर ईस्टचे ध्वनिमुद्रण पुन्हा लावावे आणि या वेळी गिटारींकडे थोडे दुर्लक्ष करावे.