हेलसिंकीनंतरचे खाशाबा

खाशाबा जाधव यांच्याविषयी आपल्याकडे जे लिहिले गेले, त्यातले बहुतेक २३ जुलै १९५२ या तारखेपाशी येऊन थांबते. पुढे बैलगाड्यांची मिरवणूक येते, मग एकदम अपघाती मृत्यू, आणि शेवटी उपेक्षेची खंत. चरित्रलेखनाच्या दृष्टीने हा आराखडा आम्हांस फार सोयीचा वाटतो, आणि म्हणूनच संशयास्पदही.

१५ जानेवारी १९२६ रोजी कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरात जन्मलेला हा मुलगा पैलवानाचाच मुलगा. आमच्या भीमाकाठी, मांडवगण फराट्यासारख्या गावांतून, कुस्ती म्हटली की यात्रेचा फड आणि तांबडी माती डोळ्यांपुढे येते. खाशाबांचा पिंडही मातीचाच. तथापि त्यांची घडण केवळ तालमीत झाली नाही. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचा त्यात मोठा वाटा आहे. विद्यार्थिदशेतच ते १९४८च्या लंडन ऑलिम्पिकला गेले. खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. मातीवर प्रतिस्पर्धी चितपट होईपर्यंत कुस्ती चालते. मॅटवर मात्र घड्याळ आणि गुण यांचे राज्य असते. या परक्या व्याकरणात त्यांनी फ्लायवेट गटात सहावा क्रमांक मिळवला. अमेरिकन प्रशिक्षक रीस गार्डनर यांनी तेथे त्यांना मार्गदर्शन केले होते.

हेलसिंकीची निवड सरळ झाली नाही. निसटत्या गुणफरकाने डावलले गेल्यावर त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली आणि पुन्हा झालेल्या लढतीत निरंजन दास यांना हरवले. प्रश्न उरला पैशांचा. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, प्राचार्य बॅ. खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. (जिमखाना निधीचे प्रस्ताव तीन प्रतींत सादर करणाऱ्या आम्हां प्राध्यापकांना हा तपशील मान खाली घालावयास लावतो.) बँटमवेट गटात कॅनडा आणि मेक्सिकोच्या मल्लांना त्यांनी नमवले. जपानच्या इशीईशी झालेली दमछाक करणारी कुस्ती हरल्यावर, नियमाप्रमाणे मिळावयाची अर्ध्या तासाची विश्रांती न देता त्यांना सोव्हिएत संघाच्या मामेदबेकोव्हसमोर उभे केले गेले. बाजू मांडण्यास भारतीय पथकाचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता. इशीईला सुवर्ण, मामेदबेकोव्हला रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

त्या काळी ऑलिम्पिक हौशी खेळाडूंचे होते. पदकातून पोट भरण्याची सोय नव्हती. परतल्यावर खाशाबांनी कुस्त्या लावून पैसे जमवले आणि प्राचार्यांचे घर सोडवले, ही गोष्ट मिरवणुकीपेक्षा आम्हांस मोलाची वाटते. त्यानंतर सुरू होते ती नोकरी. १९५५ साली ते पोलीस उपनिरीक्षक झाले. खात्यांतर्गत स्पर्धा जिंकल्या, क्रीडाशिक्षक म्हणून काम केले. २७ वर्षांच्या सेवेनंतर सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले, आणि मग निवृत्तिवेतनासाठी झगडत राहिले. म्हणजे मॅटवर काही दिवस, आणि गणवेशात पाव शतकाहून अधिक काळ! चरित्रकार मात्र ही पाव शतकाची कहाणी एका वाक्यात उरकतात. दप्तर, बदल्या, बढतीची प्रतीक्षा यांना वीरकथेत जागा नसते. मराठीत कारकुनाच्या आयुष्यावर उत्तम कथा आहेत. पदकविजेत्या फौजदाराच्या नोकरीकडे मात्र त्या नजरेने कोणी पाहिलेले दिसत नाही.

१४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. पद्म सन्मान हयातीत लाभलाच नाही. दुसऱ्या वैयक्तिक पदकासाठी देशाला १९९६ साली लिअँडर पेसची वाट पाहावी लागली, तर महाराष्ट्राला २०२४मध्ये पॅरिसला नेमबाजीत कांस्य जिंकणाऱ्या स्वप्निल कुसळेची. तोही कोल्हापूर जिल्ह्यातला, आणि पदक जिंकले तेव्हा रेल्वेच्या नोकरीत होता.