वीस वॅट पुरेसे आहेत का?

घरी गाणं ऐकण्यासाठी बेताच्या किमतीत अॅम्प्लिफायर आणि स्पीकर घ्यायचे, तर पैसे कशावर घालावेत? तत्त्वज्ञानाच्या माणसाने हा विषय का घ्यावा, असं काहींना वाटेल. या प्रश्नाच्या इतिहासात दोन वाद एकमेकांत गुंतलेले आहेत, एक पैशाचा आणि एक ज्ञानाचा. ‘मला फरक ऐकू येतो’ असं कोणी म्हणालं, तर ते कशावरून खरं धरायचं? आणि मला फरक ऐकू येत नाही म्हणून माझा कानच कच्चा, असं दुकानदाराने सुचवलं तर? निवृत्तिवेतनातून पैसे बाजूला काढून वस्तू घेणाऱ्याला हा दुसरा प्रश्न फार टोचतो.

आधी अॅम्प्लिफायर. त्याचं काम सांगायला सोपं आहे. बारीक विद्युतसंकेत मोठा करायचा आणि त्यात पदरचं काही घालायचं नाही. पहिलं जमतं, दुसरं महाकठीण. बेल लॅबोरेटरीजमधला हॅरॉल्ड ब्लॅक हा तरुण इंजिनिअर लांब पल्ल्याच्या टेलिफोनसाठी याच्याशी झटत होता. २ ऑगस्ट १९२७ रोजी कामावर जाताना, हडसन नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीत त्याला उत्तर सुचलं आणि हातातल्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पानावरच त्याने ते मांडलं. बाहेर पडणाऱ्या संकेताचा थोडा अंश उलटा करून पुन्हा आत द्यायचा, म्हणजे यंत्राने केलेली चूक बरीचशी वजा होते. याला ऋण प्रत्याभरण म्हणतात. शब्द जड आहे, पण कल्पना घरगुती आहे. स्वतःचा आवाज स्वतःच्या कानाने ऐकत राहणारा गवई सूर सोडत नाही, तसंच हे. पेटंट कार्यालयाला मात्र ते पटायला नऊ वर्षांहून अधिक काळ लागला.

ही युक्ती संगीत ऐकणाऱ्यांच्या घरात खऱ्या अर्थाने आली ती महायुद्धानंतर. १९४७ साली डी. टी. एन. विल्यमसन यांनी ‘वायरलेस वर्ल्ड’ या इंग्लंडच्या मासिकात एका अॅम्प्लिफायरची संपूर्ण रचना छापली. पंधरा वॅट, आणि विकृती ०.१ टक्क्याहून कमी. ज्याला सोल्डरिंग येतं त्याने घरी बांधावा. घरगुती श्रवणाच्या इतिहासातलं हे सर्वांत उदार पान आहे, असं मी मानतो.

पण व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्यामध्ये एक ट्रान्सफॉर्मर लागायचा. चांगला ट्रान्सफॉर्मर म्हणजे लोखंड आणि तांब्याचा जड, महाग गोळा. त्यामुळे एकेक वॅट महाग पडे. वॅट महाग, म्हणून स्पीकर असा हवा की थोडक्यात खोली भरेल. आणि त्याने खर्जही द्यावा असं म्हटलं की पेटी कपाटाएवढी होते. हा निसर्गाचा सौदा आहे. लहान पेटी, खोल खर्ज आणि कमी वॅटमध्ये मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच तुमच्या पदरात पडतात. श्रीमंताच्या दिवाणखान्यात कपाट मावलं. दोन खोल्यांत राहणाऱ्याने काय करायचं? त्यात १९५८ च्या सुमारास स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या आणि एका कपाटाची दोन कपाटं झाली. (स्टिरिओची कल्पना अॅलन ब्लमलाइन यांनी १९३१ सालीच पेटंटसाठी नोंदवली होती. घराघरात पोचायला तिला पाव शतक लागलं.)

कोंडी फोडली ती एडगर विल्चर या अमेरिकन शिक्षकाने. १९५४ साली त्यांनी हेन्री क्लॉस या आपल्या विद्यार्थ्याबरोबर मॅसॅच्युसेट्समध्ये अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली. तोवर स्पीकरचा हलता शंकू जागेवर परत आणायचं काम त्याच्या कडेची ताठ घडी करायची. विल्चर यांनी ती सैल केली, पेटी हवाबंद केली आणि आत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगच्या कामाला लावलं. कागदाच्या किंवा कापडाच्या घडीपेक्षा हवा कितीतरी इमानी स्प्रिंग आहे. फळीवर ठेवता येईल अशा पेटीतून खर्ज येऊ लागला. मोबदला? अर्थातच वॅट. ही पेटी वॅट खायची. तिची भूक भागवली ट्रान्झिस्टरने. साठच्या दशकात तो मधला ट्रान्सफॉर्मर गेला आणि वॅट स्वस्त झाला. सुरुवातीचे ट्रान्झिस्टर अॅम्प्लिफायर, विशेषतः हळू आवाजात, कानाला बोचायचे, पण ते दुखणं पुढे दूर झालं. म्हणजे बघा, लहान स्पीकर आणि स्वस्त वॅट एकमेकांच्या आधाराने वाढले आहेत. ज्याला आपण ‘बजेट स्टिरिओ’ म्हणतो, तो या दोघांचा संसार.

त्या संसाराचं सगळ्यांत प्रसिद्ध भांडं म्हणजे एनएडी ३०२०. लंडनमध्ये सुरू झालेल्या कंपनीने तो १९७८ साली आणला. रचना नॉर्वेच्या एरिक एडवर्डसन यांची, बनावट तैवानची, किंमत इंग्लंडात शंभर पौंडांच्या आत. दिसायला करड्या रंगाचा साधा डबा. कागदावर फक्त वीस वॅट. त्याच काळात जपानी अॅम्प्लिफायर चकचकीत चेहऱ्याने याहून कितीतरी मोठे आकडे सांगत होते. तरी हा डबा लाखांनी खपला.

का खपला हे समजून घ्यायचं तर तबल्याकडे जाऊ. घरी आपण ऐकतो तेव्हा सरासरी अर्धा वॅटही लागत नाही. तानपुरा, संथ आलाप, सगळं त्यात भागतं. मग तबल्यावर एक मोकळी थाप पडते. त्या क्षणापुरता संकेत सरासरीच्या वीस डेसिबल वर जाऊ शकतो, आणि वीस डेसिबल म्हणजे शंभरपट शक्ती. सरासरी ०.२ वॅट असेल तर त्या क्षणी वीस वॅट हवेत. ३०२० सतत वीसच देणार, पण क्षणभर दुपटीच्या आसपास देण्याची त्याची ऐपत होती. शिवाय शक्ती संपलीच तर लाटेचा माथा सपाट कापण्याऐवजी तो गोल करणारी योजना त्यात होती. घराचा अंदाजपत्रकी हिशेब असाच असतो. रोजचा खर्च थोडा, पण लग्नकार्याला हात आखडता नको.

आता उलटा हिशेब करा. वीसाचे चाळीस वॅट केले तर आवाज तीन डेसिबल वाढतो, जेमतेम जाणवेल इतका. दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. पण आकडा विकायला सोपा असतो ना! अमेरिकेत जाहिरातींतले वॅट इतके फुगले की १९७४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनला वॅट कसे मोजून सांगायचे याचा नियम करावा लागला. आपल्याकडे नव्वदच्या दशकात टेपरेकॉर्डरच्या तोंडावर हजार वॅट ‘पीएमपीओ’ लिहिलेले असायचे, हे पन्नाशीपुढच्या मंडळींना आठवेल. त्याच खोक्याच्या पाठीवर तो भिंतीतून किती वीज घेतो तेही लिहिलेलं असे. वीस-तीस वॅट! तीस घेऊन हजार देणारं यंत्र असतं, तर वीजमंडळाला धरणं बांधावी लागली नसती.

आता ज्ञानाचा वाद. १९१५ पासून साधारण दहा वर्षं एडिसनच्या कंपनीने अमेरिकेतल्या सभागृहांत एक खेळ केला. गायिका रंगमंचावर, शेजारी फोनोग्राफ. दिवे जातात, दिवे येतात, गायिका निघून गेलेली असते आणि गाणं चालूच. लोक थक्क व्हायचे. त्यात गायिकाही आपला आवाज यंत्राच्या बेताने ठेवत. १९५४ मध्ये व्हार्फडेलचे गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी क्वाडच्या पीटर वॉकर यांच्याबरोबर लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये खरे वादक आणि ध्वनिमुद्रण शेजारी ठेवून दाखवलं, तेव्हाही सभागृह भरलं होतं. प्रत्येक पिढीला आपलं यंत्र हुबेहूबच वाटलेलं आहे.

मग १९७८ साली, म्हणजे ३०२० च्याच वर्षी, क्वाडने जेम्स मॉयर या ध्वनितज्ज्ञाकडून एक चाचणी करवून घेतली. क्वाडचेच तीन अॅम्प्लिफायर: १९५३ चा व्हॉल्व्हवाला, १९६७ चा आणि १९७५ चा ट्रान्झिस्टरवाला. आवाजाची पातळी काटेकोर समान, कोणत्याही यंत्राची दमछाक होणार नाही इतकीच. श्रोते जाणकार. कोणता वाजतो आहे ते त्यांना सांगायचं नाही. निकाल नाणेफेकीहून वेगळा आला नाही. यावरून ‘सगळे अॅम्प्लिफायर सारखेच’ असं मात्र म्हणू नका. चाचणी तीन उत्तम यंत्रांची होती, आणि त्यांच्या ताकदीच्या आत होती.

इथे मला डेव्हिड ह्यूम आठवतो. अभिरुचीवरच्या त्याच्या १७५७ च्या निबंधात सांचो पान्झाच्या दोन नातलगांची गोष्ट आहे. एका पिंपातली वाइन चाखून एक म्हणतो, चांगली आहे पण कातड्याची किंचित चव येते. दुसरा म्हणतो, लोखंडाची. सगळे दोघांना हसतात. पिंप रिकामं केल्यावर तळाशी कातडी वादी बांधलेली जुनी किल्ली निघते. मला ही गोष्ट दोन्ही बाजूंनी आवडते. सूक्ष्म फरक कळणारी माणसं असतात, त्यांना हसू नये. पण किल्ली निघेपर्यंत त्यांचा शब्द पुरावाही नव्हे. डोळ्यांवर पडदा ठेवून ऐकणं म्हणजे पिंप रिकामं करणं.

ते पद्धतशीरपणे केलं कॅनडाच्या फ्लॉइड टूल यांनी. ओटावाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये पडद्याआड स्पीकर ठेवून त्यांनी माणसांची पसंती नोंदवली, आणि एक सुखद गोष्ट हाती लागली. दिसत नसताना माणसांची पसंती बरीच जुळते. ज्या स्पीकरचा प्रतिसाद सर्व सुरांना सारखा, समोरून आणि बाजूनेही, तोच लोकांना आवडतो. पुढे १९९४ मध्ये हार्मन कंपनीत त्यांनी आणि शॉन ऑलिव्ह यांनी तेच स्पीकर त्याच लोकांना आधी झाकून आणि मग दाखवून ऐकवले. एक लहान, स्वस्त संच झाकलेला असताना चांगले गुण मिळवून गेला. दिसल्याबरोबर त्याचे गुण घसरले. कान तेच, खोली तीच.

ब्रिटनमध्ये सत्तरीत उलट मत जोरात होतं. स्कॉटलंडच्या लिन कंपनीचे आयव्हर टिफेनब्रन म्हणत की आधी तबकडी वाजवणाऱ्या यंत्रावर पैसे घाला, स्पीकर शेवटी. उगमाशी हरवलेलं पुढे परत मिळत नाही. तर्क बिनतोड आहे. पण तर्क बिनतोड असला म्हणून पैशाची वाटणी बरोबर होत नाही, कारण कुठल्या टप्प्यावर किती हरवतं ते मोजावं लागतं. १९८२ मध्ये सीडी आली आणि उगमाशी होणारं नुकसान स्वस्त यंत्रातही क्षुल्लक झालं. २००५ च्या सुमारास ट्रायपाथ कंपनीची चिप बसवलेला, खेळण्यासारखा दिसणारा प्लास्टिकचा अॅम्प्लिफायर मूठभर डॉलरमध्ये मिळू लागला आणि महागडे संच बाळगणाऱ्यांनीही त्याचं कौतुक केलं. हरवणं आता उरलंय ते स्पीकरमध्ये आणि खोलीत.

म्हणून माझं मत असं की दहा रुपये असतील तर सहा-सात स्पीकरवर घाला. अॅम्प्लिफायर वीस-तीस खऱ्या वॅटचा साधा घ्या. आपल्या खोल्या दहा बाय बाराच्या, खाली फरशी, भिंती उघड्या. स्पीकर कोपऱ्यात कोंबले तर खर्ज घुमतो आणि तबल्याचा डग्गा सगळ्यांवर स्वार होतो. भिंतीपासून हातभर पुढे ओढा, समोर सतरंजी टाका, उंच सुरांचा छोटा स्पीकर बसल्यावर कानाच्या पातळीला आणा. यातलं काहीही विकत घ्यावं लागत नाही. लोखंडी कपाटावर मात्र ठेवू नका, कपाट गायला लागतं.

आणि दुकानात जाताना बालगंधर्वांचं एखादं जुनं पद घेऊन जा. ते मोनो आहे, डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये तेच. दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर बसा, डोळे मिटा. आवाज बरोबर मधोमध, जिथे काहीच ठेवलेलं नाही तिथून, एका जागेवरून यायला हवा. तो पसरला, किंवा वरच्या सुराला एका बाजूला सरकला, तर जोडी जुळलेली नाही. दुसरी जोडी लावायला सांगा. किंमत नंतर विचारा.