पडद्यावरच्या रेघेचं कूळ

‘डिस्प्ले येत नाही’ अशी तक्रार घेऊन कॉम्प्युटरच्या दुकानात जाणाऱ्याचा मॉनिटर बऱ्याचदा ठणठणीत असतो. दुकानदार मॉनिटरकडे बघतही नाही. सीपीयूचा डबा उघडतो, रॅमची पट्टी काढतो, तिचे सोनेरी दात शाळेतल्या खोडरबराने घासतो आणि पट्टी परत खाचेत दाबतो. पडदा उजळतो. सोलापूरच्या पूर्व भागात, जिथे यंत्रमागाची खडखड आणि कापसाचं तूस दोन्ही शेजारच्या भिंतीपलीकडून येतात, तिथे डब्यात काय काय साचलेलं असतं ते उघडणाऱ्यालाच ठाऊक.

खरी मॉनिटरची तक्रार निराळी असते. पडद्यावर रेघ आलेली असते आणि दुरुस्तीवाल्याचा पहिला प्रश्न असतो, उभी की आडवी? अर्धं निदान या प्रश्नातच होतं. मात्र हा प्रश्न मॉनिटरच्या जन्मापासूनचा नाही. म्हणजे विचारला जायचा तेव्हाही, पण उत्तराचा अर्थ उलटा लागायचा.

फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञाने 1897 मध्ये काचेची नळी केली, तिचीच वारस म्हणजे टीव्हीची आणि जुन्या जाडजूड मॉनिटरची पिक्चर ट्यूब. आत इलेक्ट्रॉनचा झोत. तो डावीकडून उजवीकडे धावतो, रेघेखाली रेघ ओढत वरून खाली उतरतो आणि सेकंदाला साठेक वेळा पुन्हा वर जातो. त्याला आडवं हलवायला वेटोळ्यांची एक जोडी, उभं हलवायला दुसरी. अशा पडद्याच्या मधोमध एकच झगझगीत आडवी रेघ उरली, तर झोत आडवा पळतोय पण खाली उतरत नाहीये. दोष उभ्या हालचालीच्या सर्किटमध्ये. रेघ आडवी, रोग उभ्याचा! शिकाऊ पोरं इथेच फसत.

त्या पडद्याचे बाकीचे आजारही झोताचेच. स्पीकर खेटून ठेवला की लोहचुंबकामुळे झोत वाकडा पडायचा आणि कोपऱ्यात जांभळा-हिरवा डाग उमटायचा. मग मेनूत जाऊन डीगॉस करायचं. ‘टंग्’ असा आवाज, पडदा थरथरायचा, डाग गायब. डाव्या कुशीत थाप मारून चित्र आणण्याची विद्याही अगदीच अडाणी नव्हती. तापून-निवून सैल झालेला सोल्डरचा टाका थापेने क्षणभर जुळायचा, एवढंच. आणि सोनीने 1968 मध्ये आणलेल्या ट्रिनिट्रॉन नळीवर तर एक किंवा दोन बारीक करड्या आडव्या रेघा नव्याकोऱ्या पडद्यावरही असायच्या. आतल्या उभ्या पट्ट्या थरथरू नयेत म्हणून ताणलेल्या तारेची ती सावली. महागडा मॉनिटर घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला हे पटवताना विकणाऱ्याची दमछाक होत असणार.

आता रेघ वाचण्याची दुसरी पद्धत बघू. तिच्यासाठी सोलापूरकराला गाव सोडायला नको.

सोलापुरात मोरारजी गोकुळदासांच्या पुढाकाराने 1877 मध्ये सूतगिरणी उभी राहिली, तीच पुढे ‘जुनी मिल’. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी आधी हातमाग आणि मग यंत्रमाग चालवून या गावाची चादर घराघरांत पोचवली. सुलटीकडे लाल जमीन नि पांढरी नक्षी असेल, तर उलटीकडे पांढरी जमीन नि लाल नक्षी. ही चादर जकार्ड मागावर निघते. जोसेफ मारी जकार्डने फ्रान्समध्ये लियाँ इथे 1804 च्या सुमारास हा माग सिद्ध केला. भोकांच्या कागदाची युक्ती तिथल्याच बाझिल बुशाँने 1725 मध्ये केली होती, पण नाव राहिलं जकार्डचं. नक्षी चौकटीच्या कागदावर काढायची, एकेक चौकट भरायची. कागदावरच्या एका आडव्या ओळीला भोकांचा एक पुठ्ठा. भोक असेल तिथला हूक वर जातो, त्याला बांधलेले ताण्याचे, म्हणजे उभे धागे उचलतो आणि खालून बाण्याचा, म्हणजे आडवा धागा घेऊन धोटा निघून जातो. मग पुढचा पुठ्ठा.

अशा कापडात चूक कुठे झाली हे माग न उघडता कळतं. चादरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उभी चीर गेली असेल, तर ताण्याचा धागा किंवा त्याची दोरी तुटलीय. तशीच चीर रुंदीत नक्षी जितक्या वेळा फिरून आलीय तितक्या वेळा, सारख्या अंतरावर दिसली, तर दोऱ्यांना दोष देऊ नका; त्या सगळ्या ज्या एका हुकाला बांधल्यात तो हूक उचलत नाहीये. आडवी फट पडली तर बाणा चुकला. आणि फक्त एक ठिपका चुकलेला, पण लांबीत नक्षी फिरून आली की नेमका त्याच जागी पुन्हा चुकणारा, तर पुठ्ठ्यातलं भोकच चुकीचं पडलंय. माग निर्दोष, नक्षी सदोष.

चार्ल्स बॅबेजने आपल्या यंत्रासाठी जकार्डचे पुठ्ठे घेतले, हर्मन होलेरिथने 1890 च्या अमेरिकी जनगणनेत भोकांची कार्डं वापरली. कॉम्प्युटरची ही वंशावळ सर्वज्ञात आहे. पडद्याचं मागाशी असं कागदोपत्री नातं नाही. फ्रीडरिश रायनिट्झरला 1888 मध्ये द्रव-स्फटिकाचा शोध लागला तो गाजराच्या अर्कावर काम करताना, आणि 1968 मध्ये अमेरिकेतल्या आरसीए कंपनीने त्याचा पडदा लोकांना दाखवला तेव्हा तिथे कुणाच्या डोक्यात चादरी नव्हत्या. पण एकेका ठिपक्यापर्यंत स्वतंत्र तार नेणं अशक्य, म्हणून त्यांनाही उभ्या-आडव्या तारांची जाळी विणावी लागली. तार उभी नि तार आडवी, छेदतील तिथे ठिपका. सपाट पडदा आला आणि झोताचं शास्त्र अडगळीत गेलं, मागाचं परत कामाला आलं.

साध्या फुल एचडी पडद्यात ठिपक्यांच्या 1920 उभ्या रांगा, प्रत्येकीत लाल, हिरवा, निळा असे तीन उपठिपके, म्हणजे 5760 उभ्या तारा. आडव्या 1080. एक आडवी ओळ जागी करायची, सगळ्या उभ्या तारांनी त्या ओळीचे रंग एकदम पुरवायचे, की पुढची ओळ. पुठ्ठ्यामागून पुठ्ठा. म्हणून वरपासून खालपर्यंत केसाएवढी रंगीत उभी रेघ दिसली, तर एक ताणा तुटलाय. बोटभर रुंदीचा पट्टा गेला असेल, तर शेकडो तारा सांभाळणारी चिप किंवा तिची लवचीक पट्टी काचेवरून सुटलीय. ही पट्टी सोल्डरने जोडलेली नसते, वाहक डिंकाने चिकटवलेली असते. चौकटीची कड हलकेच दाबून रेघ येते-जाते का हे बघतात ते त्यासाठीच.

रेघ मॉनिटरची की कॉम्प्युटरची, हे ठरवायला पैसे लागत नाहीत. मॉनिटरच्या बटणाने त्याचा स्वतःचा मेनू उघडा. तो मेनू कॉम्प्युटरकडून येत नाही, मॉनिटरच रंगवतो. रेघ मेनूच्या अंगावरूनही गेली, तर केबल नि कॉम्प्युटर सुटले, पॅनेल गुन्हेगार. मेनू स्वच्छ असेल तर स्क्रीनशॉट काढून मोबाइलवर बघा. त्यातही रेघ असेल तर पुठ्ठाच चुकलाय, ग्राफिक्स कार्डाकडे वळा.

रंगांचं निदान याहून सोपं. आयबीएमने 1987 मध्ये आणलेली पंधरा टाचण्यांची व्हीजीए केबल अजून कित्येक ऑफिसांत आहे. तिच्या पहिल्या तीन टाचण्या लाल, हिरवा, निळा या क्रमाने. तिसरी वाकली की निळा जातो आणि कॉम्प्युटरवर चादरीची नक्षी काढणाऱ्याच्या पडद्यावरची पांढरी जमीन पिवळी दिसू लागते. दुसरी गेली तर जांभळट, पहिली गेली तर हिरवट निळी. फाइलमधला रंग जागच्या जागी असतो. पडद्यावर विश्वासून रंग ‘सुधारला’, तर मात्र कापड खरोखर बिघडतं.

मॉनिटर दोन सेकंद उजळून विझला, तर काळ्या पडद्यावर तिरकी टॉर्च मारायची. अंधुक चित्र दिसलं की पॅनेल शाबूत, मागचा दिवा किंवा त्याचा सप्लाय गेलेला. 2000 नंतरच्या काही वर्षांतल्या मॉनिटरमध्ये सप्लायवर डोकं फुगलेला कॅपॅसिटर हमखास सापडायचा. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत त्याला फुगायला निमित्तही भरपूर. काही रुपयांचा भाग बदलला की मॉनिटर चालू. पॅनेलची रेघ मात्र परवडणारी नाही. पट्टी पुन्हा चिकटवायचं यंत्र असतं, पण मॉनिटरच्या किमतीपुढे तो खर्च बसत नाही.

एखादाच ठिपका मेला तर? त्याचाही कायदा झालेला आहे. आयएसओच्या 2001 च्या मानकात पडद्यांच्या चार श्रेणी होत्या. दुसऱ्या श्रेणीत दर दहा लाख ठिपक्यांमागे कायम पेटलेले 2 आणि कायम विझलेले 2 खपवून घ्यायचे, वर अर्धवट चुकणारे 5 उपठिपके. फुल एचडीत वीस लाखांवर ठिपके, म्हणजे मोकळीक दुप्पट. चादरीचा व्यापारी एवढ्या ठिपक्यांचा माल ‘सेकंड’ म्हणून बाजूला काढतो आणि भाव उतरवून देतो. मॉनिटरवाला तो पहिल्या नंबरच्याच भावात विकतो.