‘टो द लाइन’
हा इंग्रजी वाक्प्रचार वरिष्ठांचा हुकूम अथवा पक्षाचे धोरण निमूटपणे पाळणे या अर्थी रूढ असून, त्यातील ‘टो’ म्हणजे पायाचे बोट, सबब आखलेल्या रेषेला बोटे भिडवून उभे राहणे हा त्याचा मूलार्थ होय. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून तो लिखाणात आढळतो. शिडाच्या लढाऊ जहाजांवर, फळ्यांच्या फटी जुन्या दोरखंडांचे तंतू व डांबर यांनी बुजविल्यामुळे ज्या काळ्या रेघा उमटत, त्यांना पावले लावून खलाशांना हजेरीसाठी उभे राहावे लागे. मुष्टियुद्धातही असाच शिरस्ता होता, आणि लंडनच्या १८३८ च्या नियमांनुसार, पडलेल्या मल्लाने ३० सेकंदांच्या विश्रांतीनंतर पुढील ८ सेकंदांत, कोणाचाही आधार न घेता, रिंगणाच्या मध्यावरील खुणेपाशी न आल्यास तो पराभूत ठरे. ब्रिटिश कॉमन्स सभागृहातील गालिच्यावरच्या तांबड्या रेषांतून हा वाक्प्रचार जन्मला, ही कथा लोकप्रिय असली तरी पुराव्यावाचूनची आहे, आणि विद्यार्थ्यांना ती सत्य म्हणून सांगितली जावी हे आम्हांस उचित वाटत नाही. एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी : ओढून नेणे या अर्थाचे दुसरे इंग्रजी क्रियापदही असेच उच्चारले जाते, व देवनागरीत दोहोंचे लेखन अभिन्न असल्यामुळे, दोर ओढणाऱ्या आज्ञाधारक माणसाचे चित्र आपल्या वाचकाच्या मनात सहज उभे राहते; खुद्द इंग्रजी मातृभाषा असलेल्यांच्या लेखनातही या दोन शब्दांची गल्लत वारंवार आढळते. — संपादक